सत्तरीतला वरचा सा

९ जानेवारी

प्रिय टिटवे,

आत्याच्या मैफिलींच्या तबकड्यांचा संच पोचला. तू पाठवलेला नव्हे. आमच्या मासिकाच्या संपादकांनी परीक्षणासाठी पाठवला. वर चिठ्ठी होती, 'ताई, घरचंच कार्य आहे, मनसोक्त लिहा.' आपण दोघी बहिणी एका टेबलाशी बसून शेवटचा चहा कधी प्यायलो, हे त्या बिचाऱ्यांना कुठून माहीत असणार!

मुद्द्याचं आधी लिहून टाकते, म्हणजे पत्र फाडणार असशील तर निदान एवढं वाचून फाडशील. चौथ्या तबकडीवरच्या तोडीत, अंतऱ्याला जो वरचा सा लागतो, तो आत्याचा नाही. संचासोबतच्या तुमच्या संस्थेच्या पुस्तिकेत त्या एका सुराबद्दल पानभर मजकूर आहे. 'वयाच्या सत्तरीत असा निष्कलंक तार षड्ज, हा चमत्कारच म्हणायला हवा' वगैरे. तो सूर तुझा आहे. त्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर, छपाईवाल्याच्या नावाच्या वर, बारीक अक्षरात तू आहेस: 'तानपुरा'. बास, एवढंच.

मी हे छापणार आहे.

कसं कळलं ते सांगते, नाहीतर म्हणशील ताई नेहमीसारखी हवेत बोलते. माझी रीत तुला आठवत असेल. परीक्षणाची तबकडी मी पहिल्यांदा ऐकते ती काम करता करता. कपड्यांच्या घड्या घालते, शेंगा सोलते. हात जिथे आपोआप थांबतील तिथे कागदावर खूण करायची. दुसऱ्यांदा हेडफोन लावून फक्त त्या खुणा तपासायच्या. तोडीच्या अंतऱ्यापाशी माझे हात थांबले, पण सुरामुळे नाही. तानपुरा गेला म्हणून. त्या लांबलेल्या सा-च्या खाली, पापणी लवावी एवढाच वेळ, मागचा तानपुरा नाहीसा होतो आणि परत येतो. कुणीतरी तिथलं काहीतरी पुसलं आहे, आणि पुसताना तानपुराही पुसला गेला आहे. भिंतीवरचा डाग खरवडताना रंगाचा पोपडाही निघावा, तसं.

मग मी माळ्यावरचा पत्र्याचा डबा काढला. दातांचे डॉक्टर आठवतात ना? आत्याच्या प्रत्येक मैफिलीत पहिल्या रांगेत टेप मांडून बसायचे. तुमचा हा सगळा संच त्यांच्याच टेपांवरून केलेला आहे, तसं पुस्तिकेत लिहिलंच आहे. पण त्या मैफिलीची एक कॅसेट त्यांनी तेव्हाच मला करून पाठवली होती. मी ती लावली. तीच तोडी, तोच अंतरा, तोच सा. आणि नव्या तबकडीवर जिथे भोक आहे, नेमकं तिथे आत्या हलकेच म्हणते, "हां... लाव."

आता मला सांग, स्वतः सा लावून बसलेलं माणूस स्वतःलाच 'लाव' म्हणेल का? आणि तोंड एक असताना म्हणेल कसं?

शिवाय कवळी. ती डॉक्टरांनीच बसवली होती, आणि शेवटपर्यंत तिने आत्याचा एकही 'स' सरळ जाऊ दिला नाही. बारीक शिट्टी यायची. आपण दोघी एकमेकींकडे बघायचं टाळायचो, कारण बघितलं की हसू फुटायचं. अस्ताईभर ती शिट्टी आहे. अंतऱ्याच्या वरच्या ओळीत एकाही 'स'ला नाही. परत खाली उतरल्यावर पुन्हा आहे. मधल्या ओळीपुरती कवळी काढून डबीत ठेवली होती की काय आत्याने?

परीक्षण एप्रिलच्या अंकासाठी आहे. तुला आधी कळवलं, कारण पाठीत वार करण्याची मला सवय नाही. केला तो समोरूनच.

ह्यांनी तुझी आठवण काढली आहे. म्हणजे मी काढायला लावली.

तुझी,
ताई


२३ जानेवारी

प्रिय टिटवे,

मेहुण्यांचा फोन आला. तू पत्र वाचलंस हे त्यांच्याकडून कळलं, त्याबद्दल त्यांचे आभार. तुझ्या बाजूने ते काय काय बोलले हे तुला माहीत असावं, म्हणून लिहिते.

"ताई, हिने पत्र वाचलं."

"मग फोन तिने का नाही केला?"

"ती कामात आहे."

"कधीपासून?"

मग म्हणाले, "अहो, तुम्ही फार ताणून धरता. मागे बसणारे शिष्य थोडीफार साथ देतातच. ऐकणाऱ्याला ते ठाऊक असतं."

"ठाऊक असतं, तर पुस्तिकेत छापायला काय हरकत होती? आणि ते 'लाव' का पुसलंत?"

"ते होय! तो खोकल्यासारखा काहीतरी आवाज होता. तंत्रज्ञाने साफसफाईत काढला."

"मेहुणे, आत्याचा खोकला मी ओळखते. त्याला काना-मात्रा नसायच्या."

हसले. तुझा नवरा हसतो छान, त्याबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. पण मग आवाज खाली करून म्हणाले, "तुम्ही हे लिहिलंत तर लोक म्हणतील, म्हातारी बाई भाचीच्या गळ्यावर मैफिली मारून नेत होती. एका सुरावर शंका आली की शेवटच्या सगळ्या मैफिलींवर येईल. संस्था तिच्या नावाची. हिचं आयुष्य त्या संस्थेत गेलंय."

"म्हणूनच लिहिते आहे," मी म्हटलं.

तेव्हा त्यांनी पवित्रा बदलला. "आणि तसं काही नव्हतंच मुळी. ती मागे बसून नुसता तानपुरा छेडायची."

एकाच फोनवर दोन गोष्टी झाल्या. शिष्य साथ देतातच, ही एक. आणि ती नुसता तानपुरा छेडायची, ही दुसरी. यातली कुठली ठेवायची ते दोघांनी बसून ठरवा आणि मला एकच कळवा.

तू म्हणशील, ताई, तू तिथे कुठे होतीस? नव्हते. आत्याच्या त्या शेवटच्या वर्षांत मी परगावी होते, पोरांचे दुधाचे दात आणि सासूबाईंची पथ्यं सांभाळत. तू होतीस. तिची औषधं, तिचे रुसवे, तिच्या मैफिलीच्या आदल्या दिवशीचं तिचं ते मौन, सगळं तू काढलंस. ते मी कुणाला नाकारू देणार नाही. पण तिथे हजर असणारा प्रत्येक माणूस ऐकत असतोच असं नाही, आणि तिथे नसलेल्यालाही टेप असेल तर ऐकू येतं.

कान कुठून आले माझे, ते तुला माहीत आहे. आपल्या कॉन्व्हेंटमध्ये गाणं शिकवणाऱ्या त्या उंच सिस्टर. त्यांनी मला प्रार्थनेच्या वृंदात शेवटच्या रांगेत उभं केलं आणि कानात सांगितलं, "बाळ, तू नुसते ओठ हलव. आवाज नको." तू पहिल्या रांगेत, मधोमध, वेणीला पांढरी फीत. मी रडत घरी आले. पण शनिवारी त्या आम्हा मोठ्या मुलींना तबकड्या ऐकवायच्या आणि एक पान लिहायला लावायच्या. 'सुंदर' असं कुणी लिहिलं की लाल शाईने खोडायच्या. "सुंदर म्हणजे तू ऐकलं नाहीस. काय ऐकलंस ते लिही." वर्गात एकाच मुलीचं पान लाल न होता परत यायचं. आत्या ते वाचून म्हणाली होती, "देवाने एकीला गळा दिला नि एकीला कान. दोघींची मिळून एक गवयीण होते. आता भांडू नका."

भांडलो. तुझ्या पहिल्या तबकडीवर मी लिहिलं: 'आवाज बाईंचा, वळणं बाईंची, विसावेसुद्धा बाईंचेच. गाणारी कुठे आहे?' सगळं जग आत्याला बाई म्हणायचं, म्हणून मीही लिहिताना बाईच म्हटलं. घरच्या माणसाने असं लिहायचं नसतं, असं निदान दहा जणांनी मला सुनावलं. तू बोलणं टाकलंस. पुढे गाणंही टाकलंस, आणि लोकांनी तेही माझ्या नावावर मांडलं.

ते परीक्षण मी काल पुन्हा वाचलं. एक शब्द मागे घेण्यासारखा नाही. ती तबकडी नक्कलच होती, टिटवे. तुलाही ते माहीत होतं, म्हणून तर इतकं लागलं.

ताई


६ फेब्रुवारी

प्रिय टिटवे,

तुझं कार्ड आलं. पाकिटावरचं अक्षर पाहून मी दारातच खाली बसले, हे तुला सांगायला नको होतं, पण आता लिहून झालं. आत पाच शब्द. 'ताई, तुझे कान थकले. सोड.'

मी सोडणारी नव्हे, हे तुला पाळण्यापासून ठाऊक आहे. पण कानांबद्दल तू म्हणतेस तर म्हटलं, बघू. परीक्षण लिहिणाऱ्या बाईचे कान थकले असतील तर तिने घरी बसावं. त्यात दयामाया नको. तेव्हा परवा मी कान तपासणाऱ्या बाईंकडे जाऊन आले.

छोटी बंद खोली, भिंतींना जाड गाद्या लावलेल्या, आणि डोक्यावर हेडफोन. आवाज आला की बटण दाबायचं. मी बटण दाबतच होते. बाहेर आल्यावर त्या बाईंनी आलेख दाखवला. म्हणाल्या, "आजी, वरच्या किणकिण आवाजांचं टोक जरा झिजलंय. वयाच्या मानाने छानच आहे. पण सायकलच्या घंट्या कमी ऐकू येतील."

"माणसाचा गळा?" मी विचारलं.

"तो काय, लख्ख ऐकू येईल."

"सत्तरीतला आणि पंचविशीतला वेगळा ओळखू येईल?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी आता पत्ता विसरल्याचंही सांगणार आहे. म्हणाल्या, "ते यंत्र नाही सांगत, आजी."

तो आलेख मी लपवत नाही. संपादकांनाही दाखवणार आहे. सायकलच्या घंट्यांवर मी यापुढे मत देणार नाही.

मग ह्यांची परीक्षा घेतली. ह्यांचा एक कान तर केव्हाच निवृत्त झाला आहे. दुसऱ्या कानाला हेडफोन लावून कॅसेट ऐकवली, आधी खालची ओळ, मग वरची. "कोण वाटतं?" हे म्हणाले, "मला विचारू नकोस. तुमच्या घरातल्या सगळ्याच बायका वरच्या पट्टीत." पण थोड्या वेळाने हेडफोन न काढताच म्हणाले, "ही वरची... ही आपल्या लग्नात रुसून गच्चीवर जाऊन बसली होती तीच ना?"

बघ. अर्धा कान, आणि तोही ज्याला सा आणि पा-मधला फरक कळत नाही, अशा माणसाचा.

तुझ्या कार्डाबद्दल अजून एक. मी ते पुष्कळदा वाचलं. पाच शब्द वाचायला काही लागत नाही. माझे कान थकले असं तू लिहिलंस. सोड असं लिहिलंस. 'ती मी नव्हते' असं मात्र लिहिलं नाहीस. तीन शब्दांत झालं असतं.

मला वाटतं, तुला ते लिहिता येईना. मेहुणे सहज म्हणू शकतात, कारण त्यांचा सूर नव्हे तो. ज्याने तो लावलाय त्याला 'मी नव्हते' म्हणायला हात रेटत नसणार.

का लपवतेस, तेही मला कळत नाही असं समजू नकोस. आत्याचा गळा वर जाईना झाला तेव्हा तुम्हा दोघींत काहीतरी ठरलं असेल. कदाचित ठरलंही नसेल. तिने मान वळवली असेल आणि तू उचललं असशील. ती गेल्यावर तू ते तिलाच देऊन टाकलंस. थोर आहेस. पण देताना तू फक्त तुझंच दिलं नाहीस, टिटवे. ऐकणाऱ्यांचंही दिलंस. आज कुणी शिकणारी मुलगी ती तबकडी ऐकेल आणि समजेल, सत्तरीत गळा असा चालतो. आपला पन्नाशीत अडला की रडत बसेल. आणि आत्याने खरं जे केलं, ते तिच्या कानावर कधी पडणारच नाही. म्हाताऱ्या बाईने ऐन मैफिलीत, हजार माणसांसमोर, आपली जागा मागच्या पोरीला दिली आणि वर म्हणाली, लाव. त्याला किती मोठं काळीज लागतं! तुमच्या तंत्रज्ञाने नेमकं तेच पुसलं. चमत्कार ठेवला, आणि बाई पुसली.

म्हणून सोडत नाही.

ताई


१९ फेब्रुवारी

प्रिय टिटवे,

आज मासिकाच्या कचेरीत गेले होते. लिफ्ट बंद होती, तीन जिने चढले, तेव्हा वर पोचेपर्यंत रागाने आणखी वाफ धरली होती. संपादक माझ्यापेक्षा बरेच लहान, सज्जन, सदा सर्दी झालेले. लेख त्यांच्यापुढे होता आणि त्यावर त्यांनी चहाचा कप ठेवला होता. मी कप उचलून बाजूला ठेवला.

"ताई, लेख झकास आहे," ते म्हणाले. "कवळीपाशी तर मी मोठ्याने हसलो. फक्त एवढा एक परिच्छेद काढू या."

"तो काढला तर उरतं काय? तबकडीचा पुठ्ठा?"

"बाकीच्या मैफिलींवर किती छान लिहिलंय तुम्ही."

"छान लिहिलं ते त्या चांगल्या आहेत म्हणून. हाही परिच्छेद चांगलाच आहे. कुणाची निंदा आहे का त्यात? मी एका गायिकेचं कौतुक केलंय."

"पण ती गायिका म्हणते की मी गायलेच नाही."

"ती नाही म्हणत. तिचा नवरा म्हणतो."

त्यांनी नाक पुसलं, खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाले, "समजा, छापलं. आणि दुसऱ्या दिवशी त्यांचं पत्र आलं की आवाज माझा नाही. तुमचं सदर तिथेच संपलं. मला वाचवता यायचं नाही. लोक म्हणतील, म्हातारीला भास होतात."

"म्हणू देत."

"ताई, असं करू. हा मजकूर जसाच्या तसा तुमच्या बहिणीला पाठवा. मुद्रितं पाच तारखेला जातात. तोवर त्यांचं 'नाही' आलं, तर परिच्छेद जाईल. 'हो' आलंच पाहिजे असं मी म्हणत नाही. 'नाही' यायला नको, एवढंच."

मी म्हटलं, "आणि परिच्छेद गेला तर त्याबरोबर मीही जाईन. सदरासकट." ते म्हणाले, तसं नका बोलू. मी म्हटलं, बोलले.

तेव्हा आता सगळं तुझ्या हातात आहे, आणि ते लपवून ठेवायचा माझा स्वभाव नाही. एक ओळ लिहिलीस की तुझं म्हणणं खरं ठरेल आणि माझा हा उद्योग कायमचा बंद होईल. मला त्याची भीती वाटते. शनिवारच्या त्या पहिल्या पानापासून मी हेच करत आले. घड्या घालताना हात थांबायचे बंद झाले तर मला नुसत्या घड्या घालाव्या लागतील. पण भीतीपोटी परिच्छेद गाळणार नाही.

तो परिच्छेद खाली उतरवून देते आहे. शब्द न शब्द छापायला गेलेला आहे तसाच.

'चौथ्या तबकडीवरील तोडीच्या अंतऱ्यात ऐकू येणारा वरचा सा बाईंचा नाही. तो त्यांच्यामागे तानपुऱ्यावर बसलेल्या त्यांच्या भाचीचा आहे. ती या लेखिकेची धाकटी बहीण आहे, हे वाचकांना सांगायला हवं. त्या काळच्या ध्वनिफितीच्या प्रतीत बाई तिला "लाव" असं म्हणताना स्पष्ट ऐकू येतात. नव्या तबकडीतून तो शब्द काढून टाकला आहे. तो परत घालावा. कारण तो सूर बाईंच्या आवाजाची नक्कल नाही. बाई सा-वर जाताना खालून घसरत, चाचपत जात. ही मुलगी सरळ त्याच्यावर जाऊन उभी राहते, आणि तिथून कोमल ऋषभाला नुसतं बोट लावून परत येते. ती जागा बाईंच्या कुठल्याही ध्वनिमुद्रणात नाही, आणि या मुलीने पुढे स्वतःच्या नावावर केलेल्या तबकडीतही नाही. फार वर्षांपूर्वी मी तिच्याविषयी विचारलं होतं, गाणारी कुठे आहे? ती इथे आहे. सूर निर्दोष नाही. दुसऱ्यांदा लावताना तो तानपुऱ्याच्या मानाने किंचित चढा आहे. पण मी आजवर ऐकलेल्या सूर लावण्यांत तो पहिल्या दोन-तीनांत बसेल.'

हे तू वाचावंस म्हणून लिहिलेलं नाही. पण लिहिताना तू वाचत्येस असं वाटत होतं, हे खरं.

एवढी वर्षं तू तुझ्या खोलीत आणि मी माझ्या खोलीत त्याच बाईच्या तबकड्या ऐकत बसलो. तू ऐकलंस ते पुजण्यासाठी, मी ऐकलं ते तपासण्यासाठी. मला वाटतं तिला माझी तऱ्हा जास्त आवडली असती. पण ती नाही, तेव्हा ते तिच्या तोंडी घालत नाही.

वाट बघते. पाच तारखेपर्यंत.

ताई


५ मार्च

प्रिय टिटवे,

तुझं पत्र आज सकाळी आलं. चार पानं, दोन्ही बाजूंनी. अक्षर इतकं रागात की दोन ठिकाणी कागद फाटला आहे. 'प्रिय' नाही, 'ताई' नाही, सुरुवातच अशी:

'चढा नव्हता. काहीही लिहितेस. तानपुऱ्याच्या जोडीची एक तार उतरली होती. माझ्याच हातात होता तो तानपुरा, मला माहीत नाही? मंडपात दिवे किती होते, उकाडा किती होता, तुला काय कल्पना. अंतऱ्याआधीच तार सैल पडली. हात सोडून पिळायला गेले असते तर सा कोण लावणार होतं? दुसरा तानपुरा पलीकडे होता, सुरात होता, मी त्याच्यावर लावला. डॉक्टरांचा टेप माझ्या बाजूला, म्हणून तुझ्या कॅसेटवर माझाच पडका तानपुरा येतो. पेटी ऐक. दोन्ही वेळा मी सा धरला तेव्हा पेटीवाल्याने बोटं उचलली, आणि मी सोडल्यावर तो परत आला, तो बरोबर माझ्यावर आला. ऐक आणि मग लिही.'

मी पत्र तसंच टेबलावर ठेवलं आणि कॅसेट लावली. हे शेजारी बसून माझ्याकडे बघत होते. पहिल्यांदा तानपुरा मैफिलीच्या सुरुवातीचा ऐकला, मग अंतऱ्याआधीचा. उतरला आहे. केसभर, पण आहे. मग पेटी. ती तुझा सा संपता संपता येते, आणि दोन्हींत दोरा जाईल एवढीही फट नाही.

सूर बरोबर होता. चूक माझी. मी जवळच्या तानपुऱ्यावर मोजलं आणि पेटीपर्यंत थांबले नाही. सिस्टरांनी सबंध पान लाल केलं असतं.

पुढची तीन पानं तू मला जे जे म्हणालीस त्याची यादी करत नाही. हट्टी, भोचक, स्वतःच्या बहिणीला सोडत नाही ती जगाला काय सोडणार, सगळं मिळालं. मेहुण्यांची पुस्तिका, संस्था, लोक काय म्हणतील, यांपैकी एका गोष्टीचा मात्र त्या चार पानांत कुठेही उल्लेख नाही. फक्त तार, उकाडा, पेटी, आणि मी किती आंधळेपणाने ऐकते ते. 'आंधळेपणाने ऐकते' हे तुझेच शब्द. मला आवडले.

दुपारी कचेरीत गेले. लिफ्ट अजून बंदच. संपादकांसमोर मुद्रितं पसरलेली होती. त्यांनी मान वर करून विचारलं, "आलं का त्यांचं 'नाही'?"

"'नाही' नाही आलं," मी म्हटलं. "एक दुरुस्ती आली आहे."

ते नाक पुसायचे थांबले. हातातला रुमाल तसाच नाकाशी. मग त्यांनी लाल पेन माझ्यापुढे सरकवलं. पत्र त्यांनी मागितलं नाही, आणि मागितलं असतं तरी मी दाखवलं नसतं. ते मला आलेलं आहे.

'सूर निर्दोष नाही'पासून पुढच्या 'पण'पर्यंतचा मजकूर मी माझ्या हाताने खोडला. त्या जागी लिहिलं: 'तिच्या हातातल्या तानपुऱ्याची एक तार मैफिलीत उतरली होती, सूर उतरला नाही की चढला नाही.' बाकी काना-मात्रा हलवलेली नाही. लेखाचं नाव मात्र नवीन घातलं. तुझं संपूर्ण नाव, माहेरचं, मोठ्या टाइपात.

मेहुण्यांना सांग, रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा, पत्ता आहेच. लोक जे म्हणायचं ते म्हणतील. आत्याला शेवटी शेवटी गळा नव्हता, हे म्हणतीलच. म्हणू देत. तिला तू होतीस.

संचातल्या बाकीच्या मैफिलींतही काही जागा मला तुझ्या वाटतात. पाचव्या तबकडीवर दोन, पहिलीवर एक, तिसरीबद्दल खात्री नाही. या खेपेला मी पेटीपर्यंत थांबेन. तरी चुकलं, तर कळव.

तुझी,
ताई